तळणारी पर्पेतुआ

पर्पेतुआ मारुगोनं नगराध्यक्षांच्या डोक्यावर उकळत्या तेलाची कढई ओतली, ही बातमी सकाळी सात वाजता चौकातून निघाली. सव्वासातला ती नदीच्या धक्क्यावर पोचली, तोवर नगराध्यक्षांचं टक्कल सोलून निघालं होतं, एक डोळा गेला होता, आणि त्यांना कार्ताहेनाच्या इस्पितळात न्यायला लाँच सुटली होती. आमच्या कान्यो ओंदो गावात बातमी पायी चालत नाही.

मी तिचा शेजारी, आमच्यात एकच भिंत. त्यामुळे लोक खरंखोटं करायला माझ्याकडे आले. मजा घालवणं माझ्या जिवावर येतं, पण सांगावं लागलं. तेल आदल्या दिवशीचं होतं, गार. आणि नगराध्यक्ष त्या वेळी आपल्या घरी घोरत होते, टकलासकट. तेल ओतलं हे मात्र खरं. डोकं कुणाचं होतं, यावरच सगळा वाद आहे.

आता हे नीट कळायचं तर पाद्र्यापासून सुरुवात करायला हवी.

त्या काळी आमच्याकडे पाद्री वर्षातून दोनदा यायचा, होडीतून. नदीचं पाणी उतरायच्या आत त्याला परतायचं असायचं. पोरीचं नाव काय ठेवायचं हे आईबापांना विचारत बसायला त्याला फुरसत कुठली? तो आपलं संतांचं पंचांग उघडायचा, आज कुठली संत आहे ते बघायचा, आणि रांगेतल्या सगळ्या पोरींना एकच नाव आणि एकाच भांड्यातलं पाणी. त्या दिवशी संत पर्पेतुआ होती. रांगेत तीन पोरी होत्या. आणि आमचं निम्मं गाव मारुगो आडनावाचं. त्यामुळे चर्चच्या वहीत तीन ओळी झाल्या. पहिलीत त्यानं पूर्ण नाव लिहिलं, पर्पेतुआ मारुगो. खालच्या दोन ओळींत हात दुखला म्हणून 'वरीलप्रमाणे'च्या टिंबटिंब खुणा केल्या आणि होडीत जाऊन बसला.

तिघी मोठ्या झाल्या. आमच्यात एका नावाच्या माणसांनी एकमेकांना नावानं हाक मारायची नसते, आपलंच नाव आपण कसं पुकारणार? 'तोकाया' म्हणायचं, म्हणजे माझ्या नावाची. तोकायाला मीठ द्यावं, परत मागू नये. तोकायाला नाही म्हणू नये. या तिघींनी ते पाळलं. गावानं मात्र आपली सोय पाहिली आणि तिघींना नावं पाडली: गाणारी, भांडणारी, तळणारी.

गाणारी एकोणिसाव्या वर्षापासूनच नाचगाण्याच्या फडांत मिरवायची. पुढं एका तुतारीवाल्याबरोबर बारान्किल्याला गेली, तिथून काराकासला. तिच्या तबकड्या निघाल्या. आवाज बरा होता, कंबर जास्त बरी होती, असं जुने लोक म्हणतात. मी फक्त तबकडीवरचा फोटो पाहिलाय, पण मलाही ते पटतं.

भांडणारी तर मूठ वळूनच जन्माला आली असणार. काळ्या माणसानं मागच्या दारानं जायचं, अशा क्लबात ती पुढच्या दारानं गेली, लिंबाचं सरबत मागितलं आणि ते मिळेपर्यंत बसून राहिली. नदीकाठच्या लोकांच्या जमिनी त्यांच्या नावावर करून दिल्या. तुरुंगात किती वेळा गेली याचा हिशेब तिलाही नसेल. पुढं रेडिओवर तिचं नाव यायला लागलं, तेव्हा आधी तिला शिव्या घालणारे सगळे तिचे चुलत भाऊ निघाले.

आणि तिसरी तळणारी. चौकातल्या बदामाच्या झाडाखाली, शेगडीवर कढई, आणि कढईत आरेपा. मक्याची जाड पुरी तळायची, फुगली की बाहेर काढायची, बाजूनं चीर द्यायची, त्या चिरेतून आत अंडं फोडायचं, चीर पिठानं लिंपायची आणि पुन्हा तेलात सोडायची. ऐकायला सोपं आहे. करून बघा. माझ्या बायकोनं एकदा केली, छताला अजून पिवळा डाग आहे. पर्पेतुआचंही एक अंडं तरुणपणी फुटलं होतं. तिच्या डाव्या गालावर त्याचा बटणाएवढा डाग होता.

स्वभाव म्हणाल तर तिला काहीही बोला, ती आरेपा उलटायची. उत्तर द्यायची नाही. असं नव्हे की उत्तर सुचायचं नाही, सुचायचं, पण दोन दिवसांनी. परवाच्या टोमण्याचं उत्तर ती आज भिंतीवरून द्यायची, तोपर्यंत मी तो टोमणा विसरलेला असायचो. गावात सगळ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून सगळे तिला बिनधास्त बोलायचे. त्यात मी पहिला.

तर जागेची गोष्ट. तिघी तेवीस वर्षांच्या असताना तेव्हाच्या नगराध्यक्षानं हुकूम काढला, की रविवारी चौकात काळ्या बायकांनी शेगडी पेटवायची नाही. का, तर चर्चमधून निघणाऱ्या बायकांच्या टोप्यांना तेलाचा वास लागतो. तळणारीनं निमूटपणे शेगडी उचलली. भांडणारीनं ती तिच्या हातातून घेतली, पुन्हा झाडाखाली ठेवली आणि म्हणाली, "बस, तोकाया." मग स्वतः तिच्या एका बाजूला बसली, आणि गाणारी दुसऱ्या बाजूला. पोलीस दिसताच गाणारी उठली, कारण घागरा नवा होता. भांडणारीनं नऊ दिवस तुरुंग भोगला आणि दोन दात गमावले. नऊ दिवस तळणारी तिला गजांतून आरेपा देत राहिली, आणि तुटक्या दातांना नको म्हणून कडा कापून देत राहिली.

सहा महिन्यांनी राजधानीतून लाल शिक्क्याचा कागद आला: पर्पेतुआ मारुगो हिला चौकातील बदामाखाली बसून पदार्थ विकण्याचा आजन्म हक्क आहे. भांडणारीनं तो मिळवला आणि तळणारीच्या पदरात टाकला. "घे, तोकाया. आता मरेपर्यंत तळ."

तिनं ते शब्दशः घेतलं. अठ्ठेचाळीस वर्षं तळलं. कागद बिस्किटांच्या डब्यात ठेवला होता. वाचता येत नव्हतं, पण वर्षातून एकदा काढून ऊन दाखवायची. बोटांच्या तेलानं तो इतका पारदर्शक झाला होता की त्यातून पलीकडचं झाड दिसायचं.

गेल्या जानेवारीत भांडणारी कार्ताहेनाला वारली. रेडिओवर सांगितलं. आमच्याकडे रीत आहे, तोकाया मेली की जिवंत असलेलीनं नऊ दिवस झगा उलटा घालायचा, म्हणजे मृत्यू तेच नाव घेऊन पुन्हा आला तर त्याला ओळख पटत नाही. तळणारीनं घातला. पण तिच्या झग्याला आतून पिठाच्या पोत्याचं अस्तर होतं. नऊ दिवस ती पाठीवर 'गव्हाचे पीठ, पन्नास किलो' असं छापील अक्षरात मिरवत आरेपा विकत होती.

"पन्नास किलो? मारुगो, वजनात मारतेस!" मी म्हटलं.

तिनं आरेपा उलटली.

मेलेली भांडणारी आमच्या नगराध्यक्षांना जिवंत असतानापेक्षा फार आवडू लागली. एवारिस्तो पुएयो त्यांचं नाव. हयातभर तिला 'ती कटकट' म्हणत आले, आणि आता राजधानीहून पुतळा मंजूर होऊन आल्यावर 'आपली पर्पेतुआ' म्हणताना त्यांचा गळा भरून यायचा. शहरातून मूर्तिकार आला. त्याला फोटो हवे होते. फोटो होते, पण एकूण एक फोटोत भांडणारी ओरडत तरी होती, नाहीतर तिच्या तोंडापुढे कुणा पोलिसाचा हात तरी होता.

हे मी सांगायला नको होतं, पण सांगतो. डॉमिनो खेळताना मीच म्हणालो, "तळणारीला बसवा की. नाव तेच, वय तेच, रंग तोच. शहरातल्या पाहुण्यांना तेवढं पुरतं."

टेबल हसलं. नगराध्यक्षही हसले. मग त्यांनी हसणं थांबवलं, सोंगटी खाली ठेवली आणि उठले.

दुसऱ्या दिवशी ते तिच्या शेगडीपुढे उभे. आदल्या दिवसापर्यंत 'ए तळणारे' होतं, त्या दिवशी 'दोन्या पर्पेतुआ', म्हणजे पर्पेतुआबाई, झालं.

"दोन्या पर्पेतुआ, आठ दिवस नगरपालिकेत येऊन बसायचं. नुसतं बसायचं."

"आणि इथं कोण बसेल?"

"तोकायासाठी एवढं नाही करणार? तोकायाला नाही म्हणतात का?"

तिनं शेगडीतला कोळसा सारला. मग विचारलं, "पुतळा कुठं बसवणार?"

"चौकात."

"चौकात कुठं?"

"चौक मोठा आहे, दोन्या."

"माझ्या जागेला धक्का नाही ना?"

"मी असताना?" नगराध्यक्षांनी छातीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं एक गरम आरेपा उचलली.

आठ दिवस ती बसली. आम्ही खिडकीतून बघायला जायचो. भर दिवसा खुर्चीवर बसण्याची तिला सवय नव्हती. हात मांडीवर आपोआप उलटपालट व्हायचे.

"तोंड मिटा, दोन्या," मूर्तिकार म्हणाला. "दात नसलेले दिसतात."

"तिचेही दोन नव्हते."

"पुतळ्याला असतील. आता जरा रागानं बघा."

"कुणाकडं?"

"कुणाकडंही. अन्यायाकडं बघा."

तिनं प्रयत्न केला. नासकं अंडं हाताला लागल्यावर बघतात तसं बघितलं. मूर्तिकार म्हणाला चालेल. शेवटच्या दिवशी त्यानं ओल्या मातीवरून अंगठा फिरवला आणि गालावरचा डाग पुसून टाकला. पन्नास वर्षांत जे बरं झालं नव्हतं ते दोन सेकंदांत बरं झालं. पर्पेतुआनं आपला गाल चाचपून बघितला.

संध्याकाळी भिंतीवरून मला म्हणाली, "त्या खुर्चीला हात होते रे." तिचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. मी म्हटलं, "मग आता आमच्याशी कशाला बोलशील, तू पुतळा बाई!" ती लाजली. एकाहत्तराव्या वर्षी.

त्यानंतरच्या सोमवारी मजूर आले आणि बदामाखाली खणू लागले. बरोब्बर तिथं, जिथं तिची शेगडी अठ्ठेचाळीस वर्षं ठेवून फरशी काळी पडली होती. मूर्तिकाराला तिथली सावली आवडली होती.

तिनं बिस्किटांचा डबा आणला. नगराध्यक्षांनी कागद उन्हाकडे धरला आणि वाचला. आम्ही पंधरावीस जण भोवती जमलोच होतो.

"हा हक्क पर्पेतुआ मारुगो हिचा आहे," ते म्हणाले.

"मीच ती."

"ती वारली, दोन्या. आजन्म म्हणजे तिचा जन्म. तो संपला."

"तिनं माझ्यासाठी आणला होता. ती कधी तळत होती?"

"कागदावर तसं नाही. ओळखपत्राचा क्रमांकही नाही."

"तेव्हा बायकांना ओळखपत्रं होती कुठं?"

"तेच तर. म्हणून आम्ही चर्चची वही पाहिली." त्यांनी ती आणलीसुद्धा होती, त्यांचं काम चोख असतं. "ही पहिली ओळ तिची. इथं नाव आहे. तुमची तिसरी. इथं नाव नाहीच. या टिंबांवर मी हक्क देऊ?"

लोक हसले. ती वहीकडं बघत राहिली. वाचता न येणाऱ्या बाईलाही वरच्या ओळीत अक्षरं आहेत आणि खालच्या ओळीत नाहीत एवढं दिसतंच.

"पण तोंड माझं घेतलंत," ती म्हणाली.

"त्याबद्दल नगरपालिका आपली आभारी आहे. खाटीकखान्यामागं तुमची सोय केलीय."

"तिकडं कोण येतं?"

"माश्या," मी म्हणालो. पुन्हा हसू झालं. नगराध्यक्षांनी मला डोळा मारला.

तिचे पाय सुजलेले. खाटीकखान्यापर्यंत जायला तिला अर्धा तास लागायचा, आणि तिकडं गिऱ्हाईक म्हणजे खरोखरच माश्या आणि कुत्री. तिथं बसणं म्हणजे न बसणंच. आता एकच जण उरली होती जी खरं सांगू शकत होती. त्या रविवारी झाडाखाली तिघी होत्या, आणि तिघींतली गाणारी जिवंत होती, आणि अनावरणाला प्रमुख पाहुणी म्हणून येणार होती.

"ती सांगेल," पर्पेतुआ म्हणायची. "तोकाया आहे." रोज म्हणायची. झगा धुतला, इस्त्री केला, सुलट घातला.

गाणारी लाँचमधून उतरली तीच मुळी दोघांच्या खांद्यांवर. तांबूस केसांचा टोप, नखं लाल, आणि एवढं अत्तर की धक्क्यावरचे मासेसुद्धा शुद्धीवर आले असते. तळणारी गर्दीतून वाट काढत पुढं गेली.

"तोकाया."

गाणारीनं क्षणभर बघितलं. "अगंबाई, तू! अजून तेलाचा वास येतो गं तुला."

"तेवढं एक सांग त्यांना. कागद कुणासाठी आणला होता. तू होतीस तिथं."

गाणारीनं तिच्या गालावर थोपटलं, नेमकं डागावर. "बघू हं, राणी."

दुपारी चौक भरला. नगराध्यक्ष रडले. मग गाणारी ध्वनिक्षेपकापुढं उभी राहिली. तिच्या मुलाखती आम्ही रेडिओवर ऐकलेल्या होत्या, आणि त्या सगळ्या मुलाखतींत ती पोलिसांपुढून उठलेली नव्हती. मुलाखतींत तिचा घागरा नवा नव्हताच. तिसरीचं नाव काढलं असतं तर घागराही निघाला असता, त्यामुळे आता ती जे बोलली ते तिला बोलावंच लागलं असणार.

"त्या रविवारी या झाडाखाली आम्ही दोघी बसलो होतो," ती म्हणाली. आवाज अजून बरा होता. "दोन पर्पेतुआ. पोलीस आले, आम्ही हललो नाही. आज एक पर्पेतुआ गेली, एक उरली."

टाळ्या पडल्या. कापड ओढलं. आणि उंच ओट्यावर बसलेली तळणारी दिसली. तिचंच कपाळ, तिचंच नाक, तिचीच ती रुंद हनुवटी. दात दिलेले, डाग काढलेला. मग मासे विकणारी क्रिसान्ता मागून म्हणाली, "अगं आई गं, ही तर तळणारी! इस्त्री केलेली!" हसण्याची लाट अशी उसळली की नगराध्यक्षांनी घाईघाईनं बँडवाल्यांना खूण केली.

खरी तळणारी माझ्या शेजारी उभी होती, पायांवरचा भार बदलत.

"तिनं दोघी म्हटलं का रे?"

"दोघीच म्हटलं."

"मग मी कोण होते?"

मला गप्प बसता आलं असतं. पण जीभ शिवशिवत होती आणि आजूबाजूला ऐकणारे होते.

"वरीलप्रमाणे," मी म्हणालो.

सगळे हसले. तिनं माझ्याकडं बघितलं. मूर्तिकाराला आठ दिवस जो राग मिळाला नव्हता तो तेव्हा तिच्या तोंडावर होता, पण तोवर मूर्तिकार जेवायला गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ओट्याच्या कडेला रेटून ठेवलेली शेगडी जागेवर नव्हती. नगरपालिकेची माणसं ती खाटीकखान्यामागं ठेवून आली होती, सोय म्हणून. कढई मात्र तिच्या घरी होती, आदल्या दिवशीच्या तेलासकट. ती कढई डोक्यावर घेऊन चौकात आली. ओट्याच्या पायऱ्या एकेक करून चढली, प्रत्येक पायरीवर दम खात. घाई नाही, आरडाओरडा नाही. कढई तिरकी केली आणि आरेपा तेलात सोडावी तसं जपून, धार न तुटता, तेल पुतळ्याच्या डोक्यावर सोडलं. मग कढई खाली ठेवली आणि तळव्यानं ते चोळलं, कानांमागं, मानेवर, भांगात. एक थेंब जमिनीवर सांडू दिला नाही. दुकानं उघडत होती. सगळे बघत होते, आणि पहिल्यांदाच कुणी काही बोललं नाही.

हे एवढंच झालं होतं. बाकीचं उकळतं तेल धक्क्याच्या वाटेवर तापलं.

हवालदार तिला चौकीत घेऊन गेला. अठ्ठेचाळीस वर्षांतली निदान वीस वर्षं तो तिची पहिली आरेपा फुकट खात आलेला, त्यामुळे त्यानं तिचा दंड धरला नाही, नुसता शेजारून चालला. चौकीच्या खिडकीत आम्ही दाटीवाटीनं उभे. जागा तिला परत मिळाली नाही, हे इथंच सांगून टाकतो. आज तिथं फुलझाडं आहेत आणि ती खाटीकखान्यामागं बसते. त्या सकाळीही तिला हे ठाऊक होतं. आम्हा सगळ्यांनाच होतं. तरीपण मी वाट बघत होतो, कारण मला वाटलं, उत्तर यायला दोन दिवस लागतील, तोवर आपल्याला चघळायला पुरेल.

"नाव?" हवालदारानं विचारलं.

"पर्पेतुआ मारुगो."

"कुठली?" त्यानं लेखणी थांबवली. "म्हणजे मी काय लिहू?"

तेवढ्यात नगराध्यक्ष आले. सदऱ्याची बटणं वरखाली लावलेली, टक्कल घामानं चमकत असलेलं, जिवंत आणि न सोललेलं. "एवढ्या थोर बाईच्या डोक्यावर तेल ओतलंस!" ते किंचाळले. दोन्या आता संपलं होतं. "लाज नाही वाटली? कुणाच्या डोक्यावर ओतलंस, कळतंय का तुला?"

पर्पेतुआ मारुगोला या वेळी दोन दिवस लागले नाहीत.

"तोंड माझं, डोकं माझं," ती म्हणाली. "माझ्या डोक्याला मी तेल लावलं, तुमचं टक्कल का तापलं?"